कातलेल्या लाकडी वाडग्यांना रंग देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळजवळच्या एका शेडमध्ये मी लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर, वाडगे कातते. आंबा, फणस आणि भेंडी (भाजीची नव्हे, झाडाची) ही माझी रोजची लाकडं. अधूनमधून घाटावरून सिल्व्हर ओक येतो. गेली काही वर्षं मी वाडग्यांना रंग देऊन बघते आहे. शिकायला येणारे आणि फोन करणारे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: लाकूड रंग पितं, आणि ते कुठे, किती पितं हे लाकूड ठरवतं. ते आधी बघून घेतलं की पुढचं काम सोपं जातं.

लाकूड मुळात सुंदर असताना त्याला रंग द्यायचाच कशाला?

शिसवाला किंवा जुन्या सागाला मी स्वतः रंग लावत नाही. पण पांगारा, कुडा, सिल्व्हर ओक किंवा कोवळ्या आंब्याचा पांढरा भाग कातला की आकार छान येतो आणि लाकूड मुकं राहतं. तिथे रंग बोलतो. शिवाय आपल्याकडे रंगीत कातकाम नवीन नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याच्या लाकडाची रंगीत फळं पिढ्यान्‌पिढ्या बनतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची आणि आंध्रातल्या एटिकोप्पाकाची खेळणीसुद्धा लेथवरच रंगतात. परदेशात वाडग्यांवर रंग चढायला जरा उशीर लागला. तिथले बरेच जण लाकडाचा मूळ रंग झाकणं चूक मानत. मेरिल सेलनसारख्या कलावंतांनी ती चौकट मोडली. पुढे व्हिएतनाममधून अमेरिकेत गेलेल्या बिन्ह फो यांनी (१९५५–२०१७) कागदासारखी पातळ भांडी कातून, त्यांना छिद्रं पाडून एअरब्रशने रंगवली. त्यांची चित्रं बघा. बघितल्यावर हा प्रश्न तुम्ही विचारणार नाही.

डाय आणि स्टेन यांत फरक काय? दुकानदार दोन्हीला स्टेनच म्हणतो.

चहात साखर विरघळते, तसा डाय पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळतो. तो धाग्यांच्या आत शिरतो आणि पारदर्शक राहतो, त्यामुळे लाकडाच्या रेघा आणखी उठून दिसतात. स्टेन म्हणतात तो बहुतेक वेळा पिगमेंटचा. पिगमेंट म्हणजे बारीक दळलेली पूड. गेरू हे त्याचं घरातलं उदाहरण. ती विरघळत नाही, नुसती तरंगते. बाटली ठेवून दिली की तळाशी गाळ बसतो, ओळखायची खूण हीच. ही पूड लाकडाच्या छिद्रांत आणि पॉलिश पेपरच्या ओरखड्यांत जाऊन बसते, आणि तिला धरून ठेवायला तेल किंवा लाखेसारखं काही लागतं. जास्त लावली तर रेघा झाकून टाकते.

बाजारातल्या पुष्कळ तयार डब्यांत दोन्ही मिसळलेलं असतं. वाडग्यासाठी मी बहुतेक वेळा डाय वापरते. पिगमेंट घेते ते सागासारख्या मोठ्या छिद्रांच्या लाकडात रेघा भरायच्या असतील तेव्हाच.

रंग लावल्यावर वाडगा दोन बाजूंना काळपट आणि दोन बाजूंना फिका का दिसतो?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि पहिला वाडगा रंगवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं.

भाताच्या पेंढ्याची जुडी हातात घ्या. बाजूने बघितलं तर काड्यांची लांबी दिसते, टोकाकडून बघितलं तर उघडी तोंडं. लाकूडही तसंच आहे. वाडगा कातताना ओंडक्याचा तुकडा आपण लेथवर आडवा धरतो, त्यामुळे तयार वाडग्याच्या भिंतीवर एका फेरीत दोनदा काड्यांची लांबी येते आणि दोनदा तोंडं. तोंडांची बाजू, म्हणजे आडकाप, रंग शोषून घेते आणि गडद होते. काड्यांच्या बाजूला रंग वरवर राहतो. गाऊज, म्हणजे कातायची पन्हळी पटाशी, बोथट असेल तर आडकापावर धागे उपटले जातात आणि त्या खड्ड्यांत रंग आणखी साचतो. म्हणजे इलाजाची सुरुवात रंगाच्या बाटलीपाशी होत नाही, धार लावण्यापाशी होते. शेवटची फिरवण ताज्या धारेने, हलक्या हाताने घ्या.

त्यानंतर मी तीन गोष्टी करते. पूर्ण वाडगा २४० नंबरच्या पेपरपर्यंत घासते आणि आडकापाचे दोन पट्टे तेवढे ३२० आणि ४०० पर्यंत नेते. जास्त घासलेला भाग कमी पितो. रंग स्पिरिटमधला असेल तर आधी नुसतं स्पिरिट आडकापावर फिरवते. काड्यांची पोटं स्पिरिटने भरली की लगेच वरून लावलेला रंग तितका खोल जात नाही. आणि रंग पातळ ठेवून दोन-तीन हात देते. एकाच हातात गडद करायला गेलं की डाग पडलाच.

रंग पाण्यातला किंवा पिगमेंटचा असेल तर लाखेचा पातळ हात आधी देता येतो: लिटरभर स्पिरिटमध्ये साठेक ग्रॅम चपडा (लाखेचे पापुद्रे), त्याहून दाट नको. स्पिरिटच्या रंगाखाली मात्र हे चालत नाही, कारण रंगातलं स्पिरिट खालची लाख पुन्हा विरघळवतं.

इतकं करूनही थोडा फरक राहतोच. गडद निळ्या, काळ्या आणि तांबड्या रंगांत तो लपतो. फिकट गुलाबीत आणि राखाडीत डोळ्यांत भरतो. पहिल्या वाडग्याला गडद रंग घ्या.

कोणतं लाकूड घेऊ?

फिकट आणि घट्ट विणीचं. कुडा उत्तम, पण मोठ्या मापात मिळत नाही. रबरवुड सरळमार्गी आहे, शिकायला चांगलं. आंबा सगळीकडे मिळतो, आणि लाटा असलेला आंबा सापडला तर त्याच्याइतकी मजा कशातच नाही. सिल्व्हर ओकमध्ये जाळीसारखे चकाकते ठिपके असतात. ते आजूबाजूच्या लाकडापेक्षा कमी रंग पितात, त्यामुळे रंगवल्यावर खवल्यांसारखी नक्षी उमटते. त्याच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ येतं, म्हणून बाह्या खाली ठेवून काम करा.

पांगारा फार मऊ असल्याने रंग खूप पितो. त्यावर डायपेक्षा लाखेचा थर शोभतो. शिसव, बाभळीचा गाभा आणि सागाचा गाभा रंगवायच्या भानगडीत पडू नका, काळा करायचा असेल तर गोष्ट वेगळी.

पावडर कोणती आणि किती घ्यायची? रंगपंचमीचे किंवा रांगोळीचे रंग चालतील का?

रांगोळीचा रंग म्हणजे दगडाच्या भुकटीवर चढवलेला रंग. तो लाकडात शिरत नाही आणि वर खरखर राहते. रंगपंचमीच्या पुडीत काय आहे हे पुडीवर लिहिलेलं नसतं, त्यामुळे ती मी वापरत नाही.

केमिकलच्या दुकानात 'स्पिरिटमध्ये विरघळणारा डाय' मागा, आणि मिळाला तर 'मेटल कॉम्प्लेक्स' प्रकारातला घ्या. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाच्या हातून क्विनीन बनवायच्या खटपटीत जांभळा रंग तयार झाला आणि कृत्रिम रंगांचं युग सुरू झालं. त्या घराण्यातले साधे रंग झळझळीत असतात, पण उजेडात लवकर उडतात. ज्यांच्या रेणूत क्रोमियम किंवा कोबाल्टसारखा धातू बांधलेला असतो ते मेटल कॉम्प्लेक्स रंग उजेडाला जास्त काळ टिकतात. महाग असतात, पण एका वाडग्याला चिमूटभरच लागतो.

प्रमाण: २५० मिली स्पिरिटला ५ ग्रॅम. म्हणजे दोन टक्के. याहून दाट केलं तर रंग न मुरता पावडर होऊन वर बसतो आणि सुकल्यावर बोटाला लागतो. पिवळा, लाल, निळा आणि काळा एवढे चार घेतले की बाकीचे मिसळून होतात.

पाण्यातला बरा की स्पिरिटमधला?

पाण्यातला रंग सावकाश वाळतो, त्यामुळे पसरवायला, कडा मिसळायला वेळ मिळतो. पण पाण्याने लाकडाची लव उभी राहते आणि वाडगा खरखरीत होतो. म्हणून आधीच ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, उभी राहिलेली लव ३२० ने हलकेच काढा आणि मग रंग द्या. बोअरचं पाणी वापरू नका. त्यात लोह असेल तर बाभळीसारख्या लाकडावर राखाडी डाग उठतात. आमच्या जांभ्याच्या भागात मी हे पाहिलंय. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं.

स्पिरिटमधला रंग मिनिटभरात वाळतो आणि लव फारशी उठवत नाही. तो लावताना थांबायचं नाही. थांबलात की जोडाची रेघ दिसते. लेथ बंद ठेवून वाडगा डाव्या हाताने फिरवत राहा आणि उजव्या हातातलं फडकं एका दमात काठापासून बुडापर्यंत न्या. लेथ चालू ठेवून लावू नका, भिंतीवर आणि तुमच्यावर शिंतोडे उडतात.

घासताना गुळगुळीत लागत होतं, रंग लावल्यावर ओरखडे कुठून आले?

ते आधीपासून होते, रंगाने ते दाखवले. फिरत्या लेथवर घासल्यामुळे गोल गोल ओरखडे राहतात आणि रंग त्यांत भरतो. प्रत्येक नंबरच्या पेपरनंतर लेथ बंद करा आणि रेघांच्या दिशेने हाताने घासा. मग स्पिरिट पुसून तिरक्या उजेडात बघा. रंगाशिवायच सगळे ओरखडे दिसतील. भेगेत ओतलेला चटकन चिकटणारा गोंद बाहेर ओघळला असेल तर तेही दिसेल. त्या ठिपक्यावर रंग अजिबात चढत नाही, तो घासून काढावाच लागतो.

हळद, बीट, पळस, कात असे घरचे रंग वापरले तर?

वापरून बघा, पण काय होणार आहे हे माहीत असू द्या. कापड रंगवताना ते तुरटीच्या पाण्यात उकळतात, मग रंग धाग्याला धरतो. वाडगा उकळता येत नाही, त्यामुळे रंग वरच्या थरातच राहतो. आधी तुरटीचं पाणी लावून वाळवलं तर थोडा फरक पडतो.

हळद पहिल्या दिवशी डोळे दिपवते आणि खिडकीत ठेवली तर आठवडाभरात उतरते. शिवाय हळदीला साबण लागला की ती लाल होते. साडीवरचा डाग धुताना हे सगळ्यांनीच पाहिलंय, आणि हळदीला चुना देऊन कुंकू करतात तेही याच गुणावर. बीट तर त्याहून लवकर तपकिरी पडतं. पळसाच्या फुलांचा पिवळा मला आवडतो, पण तोही फिका पडतो.

भरवशाचा आहे तो कात. कोकणातल्या खैराचा कात गरम पाण्यात विरघळवून दोन हात दिले की आंब्यावर उबदार तपकिरी रंग येतो, आणि वरून चुन्याची निवळी पुसली की तो विड्यासारखा लालसर होतो. गेरू आणि पिवडी हे मातीचे रंग तर उजेडाला दाद देत नाहीत, कारण त्यांतला रंग लोहाच्या ऑक्साइडचा. पातळ लाखेत घोटून लावा.

पक्का काळा रंग घरी कसा करता येईल?

माझा सगळ्यात आवडता प्रयोग. यात लाकडाला वरून रंग लावायचा नसतो, रंग लाकडातच तयार होतो.

काचेच्या बरणीत मूठभर लोखंडी खिळे किंवा लेथवरचा लोखंडाचा कीस घ्या आणि वर साधं पांढरं व्हिनेगर ओता. कीस तेलकट असेल तर आधी साबणाने धुवा. भांडी घासायची स्टीलची घासणी घेऊ नका. ती गंजत नाही म्हणूनच विकली जाते, आणि इथे आपल्याला लोखंड झिजायला हवं आहे. झाकण सैल ठेवा, कारण आत हायड्रोजनचे बुडबुडे येतात. आठवड्याने पाणी गाळून घ्या.

दुसऱ्या भांड्यात दोन चमचे हिरड्याची पूड गरम पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी गाळा. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं, कातडी कमावायला आणि कापड रंगवायला तो त्यासाठीच वापरत आले आहेत.

वाडग्याला आधी हिरड्याचं पाणी लावा. लाकूड जेमतेम पिवळसर होतं. वाळलं की लोखंडाचं पाणी ब्रशने फिरवा. पहिले दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. मग ब्रश गेला त्याच वाटेने राखाडी छटा चढू लागते, ती जांभळट होते, आणि पाच मिनिटांत वाडगा शाईसारखा निळाकाळा असतो. शाईसारखा म्हणजे खरोखरच. जुनी लिहायची शाई लोह आणि टॅनिनचीच असे. वाळल्यावर हा काळा कोळशासारखा मंद दिसतो, आणि तेलाचा हात बसला की खोल होतो. श्रीकालहस्तीच्या कलमकारीतला काळाही याच जातीचा: लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात आंबवून तो करतात. मी गुळाचं करून बघितलं. काळा तसाच येतो, पण वास शेडमधून आठ दिवस जात नाही.

बाभळीसारख्या लाकडात टॅनिन मूळचंच असल्याने ती हिरड्याशिवायही काळवंडते. आंब्यावर नुसत्या लोखंडाच्या पाण्याने करडा रंग येतो, हिरड्यानंतर काळा. हातमोजे घाला, बोटंही तितकीच काळी होतात.

बाहेरून रंगीत आणि आतून लाकडी वाडगा हवा आहे. काठावरची रेघ स्वच्छ कशी ठेवायची?

क्रम बदला. बहुतेक जण पूर्ण वाडगा कातून मग रंग लावतात आणि आत उतरलेला रंग पुसत बसतात. त्याऐवजी बाहेरची बाजू कातून, घासून, रंगवून, वर लाखेचा एक हात देऊन घ्या. मगच आतला भाग पोखरा. आतून येणारी गाऊजची धार रंग कापत जाते आणि काठाशी चाकूने कापल्यासारखी रेघ मिळते. ती पहिल्यांदा जमली तेव्हा मी लेथ बंद करून नुसती बघत बसले होते.

एक धोका आहे. आडकापाच्या बाजूला रंग काड्यांतून आत चालत जातो. भिंत तीन-चार मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर आतल्या बाजूला ठिपके उमटतात. तिथे भिंत थोडी जाड ठेवा किंवा रंग कोरड्या ब्रशने द्या.

बाहेरच्याच बाजूला दोन रंग शेजारी शेजारी हवे असतील तर मध्ये बारीक खाच घ्या आणि फिरत्या वाडग्यावर तार दाबून ती जाळून काळी करा. तार हातात गुंडाळू नका, दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधा. जळलेली खाच रंगाला बांध घालते.

लाकडातल्या लाटा उठून दिसाव्यात म्हणून काय करतात?

काळा देऊन घासून काढायचा. लाटा असलेल्या आंब्याच्या वाडग्यावर आधी पातळ काळा डाय पूर्ण लावा. बघवत नाही इतकं भयाण दिसतं, घाबरू नका. वाळल्यावर ३२० ने घासत जा. लाटेच्या ज्या भागात धागे तोंड वर करून येतात तिथे काळा खोल गेलेला असतो, तो राहतो, बाकीचा निघून येतो. आता वाडग्यावर राखाडी पट्ट्यांचं वाघासारखं अंग दिसतं. त्यावर पिवळा द्या, मग काठाकडून नारिंगी आणि तांबडा उतरवत आणा, आणि रंग ओला असतानाच स्पिरिटच्या फडक्याने हद्दी पुसट करा. फिक्याकडून गडदाकडे जायचं. लालावर हिरवा चढवला की तपकिरी चिखल होतो, ते दोन शेजारीसुद्धा सांभाळून ठेवा.

निळा लावला आणि हिरवा आला. डाय खराब निघाला का?

डाय चांगला आहे. लाकूड पिवळं आहे. डाय पारदर्शक असल्याने खालचा रंग त्यात मिसळतोच. फणसावर निळा लावला की पोपटासारखा हिरवा येतो. फणसाचा पिवळा इतका जोरकस आहे की आग्नेय आशियात भिक्षूंची चीवरं रंगवायला त्याच्या लाकडाचा काढा वापरत. हिरवा हवा असेल तर फणसासारखं सोपं लाकूड नाही. निळाच हवा असेल तर कुडा किंवा सिल्व्हर ओक घ्या.

दुसरं कारण वरचं तेल. जवसाचं तेल मुळात पिवळट असतं आणि काळानुसार आणखी पिवळं पडतं. निळ्या वाडग्यावर पाण्यातलं पारदर्शक फिनिश किंवा ॲक्रिलिक स्प्रे वापरा.

रंगावर शेवटचा हात कशाचा द्यायचा?

रंग ज्यात विरघळतो तेच वरून फडक्याने घासायचं नाही. नियम एवढाच. तो मी एका लग्नाच्या ऑर्डरच्या वेळी शिकले. बाहेरून कुंकवासारखा तांबडा आणि आतून पांढराशुभ्र कुडा, असे सहा लहान वाडगे होते. रंग स्पिरिटमधला होता आणि वरून मी लाखेचं फ्रेंच पॉलिश फिरत्या लेथवर फडक्याने दाबलं. पॉलिशमध्येही स्पिरिटच. फडकं बाहेरून काठावर आलं, काठावरून आत गेलं, आणि आतल्या कुड्यावर गुलाबी ओघळ उतरले. तीन वाडगे आतून पुन्हा कातावे लागले, भिंती पातळ झाल्या, आणि वाडगे ठरल्या दिवसानंतर पोहोचले. यजमानीणबाई काही बोलल्या नाहीत, पण मला ते अजून टोचतं.

आता स्पिरिटच्या रंगावर मी तेल देते, नाहीतर लाख किंवा लॅकर स्प्रेने अगदी हलक्या फवाऱ्यात. पहिले दोन फवारे धुक्यासारखे, एकदा तो थर बसला की मग हात मोकळा सोडता येतो. पाण्यातल्या रंगावर लाख, तेल, लॅकर काहीही चालतं, पाण्यातलं फिनिश तेवढं थेट नको. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल कधीच वाळत नाही, त्यावर पुढे काही धरत नाही.

तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर एकेक पसरून वाळवा, मग फेका. स्पिरिट उघडं असताना ग्राइंडर चालू करू नका.

रंगीत वाडग्यात खाता येईल का?

मी आतून रंगवलेला वाडगा खाण्यासाठी देत नाही. लाकडाचे डाय खाण्याच्या हिशेबाने बनवलेले नसतात, आणि कोकम, लिंबू, गरम तेल यांनी वरचा थर कधी ना कधी फुटतो. फळांसाठी, किल्ल्यांसाठी, सुक्या फुलांसाठी काहीही करा. खायचा वाडगा हवा असेल तर बाहेरून रंग द्या आणि आत नुसतं वाळणारं तेल, तेही महिनाभर पूर्ण वाळू देऊन.

खाण्याचा रंग वापरला तर, असंही विचारतात. तो पोटात गेला तर चालतो हे खरं, पण पाण्यात सुटतो, म्हणजे पहिल्याच धुण्यात भातालाही रंग. आणि उजेडात फार टिकत नाही.

रंग किती वर्षं टिकेल?

उत्तर तुमच्या खिडकीत आहे. त्याच लाकडाच्या पट्टीवर सगळे रंग लावा, अर्धी पट्टी ॲल्युमिनियम फॉइलने झाका आणि पश्चिमेच्या खिडकीत महिनाभर ठेवा. फॉइल काढली की कोणता रंग राहिला ते दिसेल. माझ्या पट्टीवर हळद ओळखू येत नव्हती, एक स्वस्त गुलाबी निम्मा झाला होता, मेटल कॉम्प्लेक्स निळा आणि हिरडा-लोखंडाचा काळा जवळजवळ जसेच्या तसे होते. विकायच्या वाडग्यांना मी पट्टीवर पास झालेलाच रंग लावते, आणि गिऱ्हाइकाला 'थेट उन्हात ठेवू नका' हे सांगतेच.

रंग बिघडला तर वाडगा गेला का?

बहुधा नाही. स्पिरिटचा रंग स्पिरिटने पुसून बराच हलका होतो. घरातलं ब्लीच अनेक डाय उडवतं, पिगमेंट नाही. ब्लीचनंतर पाण्याने नीट पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ब्लीचला व्हिनेगर लागू देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. काळ्या रंगाची बरणी जवळ असेल तर हे पुन्हा पुन्हा लक्षात ठेवा.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पुन्हा कातणं. उभ्या धाग्यांच्या बाजूला रंग मिलिमीटरभरही खोल नसतो, आडकापाला जास्त. त्यासाठी चक, म्हणजे लेथचा पकडणारा जबडा, धरतो तो बुडाचा खुंट शेवटपर्यंत कापू नका. रंग, फिनिश, सगळं झाल्यावर, आणि दोन दिवस वाडगा बघून समाधान झाल्यावरच खुंट काढा.

सावंतवाडीचं लाखकाम आणि हे एकच आहे का?

लेथ तोच, तत्त्व वेगळं. लाखकामात रंग घोटलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाने लाख मऊ होऊन पसरते आणि लाकडावर थर बसतो. चन्नपट्टणला तो केवड्याच्या पानाने घोटून चमकवतात. रंग लाकडात शिरतच नाही, त्यामुळे आडकापाचे डाग हा प्रश्नच उरत नाही, आणि लाकडाच्या रेघाही दिसत नाहीत. रेघा दाखवायच्या असतील तर डाय, रंग झळकवायचा असेल तर लाख. लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून त्या भांड्यात गरम चहा किंवा आमटी नको. वाडग्याच्या बुडाला लाखेची एक लाल पट्टी आणि वर डाय, असं मी करते. ती पट्टी लावताना लाखेचा जो वास येतो तो या कामातला मला सगळ्यात प्रिय आहे.

पावसाळ्यात रंगकाम करावं का?

कोकणात तरी नको. हवा दमट असताना स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरतं आणि लाखेत पांढरट साय अडकते. पिवळ्या वाडग्यावर ती चालून जाते, काळ्यावर राख फासल्यासारखी दिसते. झालंच तर कोरड्या दिवशी स्पिरिटचा हलका फवारा मारून ती बसते का बघा. जून ते सप्टेंबर मी ओले ओंडके जाडसर कातून, टोकांना मेण लावून फळीवर रचून ठेवते. नवरात्राच्या सुमारास ते वाळलेले असतात, वाकलेले असतात, आणि पुन्हा लेथवर चढून गोल व्हायला तयार असतात. रंगाच्या बरण्यांची झाकणं मी तेव्हा उघडते.